शिबिरातला तास घरात का टिकत नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय चौतीस, घर ठाण्यात, नोकरी लोअर परळला बँकेत, मुलं सहा आणि तीन वर्षांची, घरात सासूबाई. गेल्या हिवाळ्यात इगतपुरीला धम्मगिरीवर १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलंत आणि फार बरं वाटलं. परत आल्यावर सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला लागलात. तीनेक आठवडे जमलं. मग आधी संध्याकाळ सुटली, नंतर सकाळ, आणि आता महिना महिना बसणं होत नाही. तुमचे प्रश्न तीन आहेत: माझ्यात निश्चयच कमी आहे का, तासापेक्षा कमी बसलं तर चालतं का, आणि पुन्हा एक शिबिर केलं तर सगळं परत मिळेल का.

मी विपश्यनेची आचार्य नाही. मी नर्स होते. तीन पाळ्यांची नोकरी आणि मुलं सांभाळत ही साधना धरून ठेवली. शिबिरांमध्ये धम्मसेवा, म्हणजे स्वयंसेवक म्हणून काम, दिलं आहे, आणि आमच्या भागातली आठवड्याची सामूहिक साधना बरीच वर्षं आमच्या घरी होते. शिबिराहून परतलेली माणसं त्यामुळे खूप जवळून पाहिली: कोण टिकतं, कोण गळतं, आणि गळायच्या आधी काय बोलतं. पुढे लिहितेय ते त्यातूनच. विपश्यना केंद्राची सूचना वेगळी आणि माझं मत वेगळं असेल तिथे तसं स्पष्ट सांगेन.

कारण म्हणून तुम्ही वेळ नसणं सांगितलंय. वेळ कमी आहेच. पण तुमच्या लिहिण्यातलं दुसरंच एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं: ‘बसले तरी डोक्यात ऑफिसच चालू असायचं, मग वाटायचं, यापेक्षा तासभर झोपले असते तर बरं.’ साधना सुटते ती इथे. आमच्याकडे येऊन नंतर यायचे थांबलेल्या बहुतेकांनी शेवटच्या काही भेटींमध्ये याच अर्थाचं काहीतरी बोललेलं मला आठवतं. ‘शिबिरात लागायचं तसं लागत नाही.’ ‘नुसतं डोळे मिटून बसल्यासारखं वाटतं.’ वेळेची तक्रार त्यानंतर येते. जे करून काही हाती लागत नाही असं मनाने ठरवलंय, त्याच्यासाठी धावपळीच्या दिवसात वेळ निघत नाही. त्याच दिवसात फोनवर अर्धा तास कुठून जातो ते मात्र कळत नाही, कारण तिथे मनाला लगेच काहीतरी मिळतं. तेव्हा तुमचा निश्चय कमी पडला असं मला वाटत नाही. तुम्ही रोजच्या बैठकीला गुण द्यायला लागलात, आणि रोज नापास होऊन तिथे परत जाणं कोणालाही जड जातं.

हे गुण तुम्ही कशाशी तुलना करून देत होतात तेही बघा. धम्मगिरीवर पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात सगळं मिळून दिवसाला दहाएक तास साधना. जेवण तयार, भांडीसुद्धा आपली ताट-वाटी सोडून घासायची नाहीत. फोन जमा. पहिले नऊ दिवस बोलणं नाही, कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शरीरातल्या संवेदना एकेक करून बघत जाणं. मग रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचं अधिष्ठान. सातव्या-आठव्या दिवशी तुम्हाला जी शांतता मिळाली ती तुमचीच होती, पण तिच्यामागे या सगळ्या व्यवस्थेचा हात होता. कोणाचा डबा नाही, कोणाची शाळेची डायरी नाही, मॅनेजरचा मेसेज नाही.

घरी सकाळी बसता तेव्हा मनात रात्री सासूबाई बोलल्या ते असतं, महिनाअखेरचं टार्गेट असतं, धाकट्याचा खोकला असतो. डोळे मिटले की हे सगळं वर येणारच, कारण दिवसभरात त्याला वर यायला दुसरी मोकळी जागा मिळालेली नसते. माझ्या अनुभवात घरच्या बैठकीची पहिली पंधरा-वीस मिनिटं बहुतेक दिवस अशीच जातात. कित्येक दिवस सबंध बैठक तशीच जाते. पण त्या गर्दीत आपण भरकटलोय हे लक्षात येणं आणि परत श्वासावर येणं, हेच तिथलं काम आहे. विसाव्या मिनिटाला पुन्हा भरकटलात आणि पुन्हा आलात, तर काम झालं. मन शांत झालं का, हा प्रश्न बैठकीतून उठताना स्वतःला विचारायचा नाही. बसले का, आणि लक्षात आलं तेव्हा परत आले का, एवढंच बघायचं. ही एक गोष्ट बदलली तर बाकीच्या व्यवस्था उपयोगी पडतात. नाहीतर कितीही युक्त्या केल्या तरी तीन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा याच जागी याल.

आता किती वेळ बसायचं. केंद्राची सूचना तुम्हाला माहीत आहे: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, शिवाय झोपताना आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच मिनिटं. ती सूचना मला योग्य वाटते आणि मी ती कमी लेखत नाही. तासाची लांबी उगाच ठरलेली नाही. पहिली वीस मिनिटं मनातला गलका ओसरण्यात जातात, मग कुठे संवेदनांकडे नीट लक्ष जातं, आणि चाळीस-पन्नासाव्या मिनिटाला पाय दुखायला लागतात तेव्हा समतेची, म्हणजे न वैतागता ते नुसतं बघत राहण्याची, खरी परीक्षा होते. दहा मिनिटं बसणाऱ्याला यातला फक्त पहिला भाग मिळतो. म्हणून छोट्या बैठकीने तेवढाच फायदा होतो असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

तरीही तुमच्या आजच्या परिस्थितीत रोज दोन तासांचा आग्रह धरू नका असं माझं मत आहे, आणि ते माझं एकटीचं आहे. तीन वर्षांचं मूल, ठाणे-दादर-लोअर परळ असा दोन गाड्यांचा प्रवास आणि सहा तासांच्या आत झोप, यात दोन तास बसवायचे तर कुठलीतरी गरजेची गोष्ट कापावी लागते. आठ-पंधरा दिवस ती कापता येते. मग घरात कुरबुर सुरू होते, तब्येत कुरकुरते, आणि दोष साधनेवर येतो. तुमच्यासाठी मी रोजची एकच पक्की बैठक ठरवेन, वीस मिनिटांची. दहा नको, कारण दहा मिनिटांत गलकाही पुरता ओसरत नाही. तीस-चाळीस नको, कारण मुलाला ताप आलेल्या दिवशी किंवा ऑडिटच्या आठवड्यात ती बुडेल. रोजची बैठक ठरवताना महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवावा. त्या दिवशीही जेवढं निभेल तेवढंच रोजचं मान्य करायचं. दह्याला विरजण चमचाभरच लागतं, पण तो चमचा रोज बाजूला काढून ठेवावा लागतो. तसं या वीस मिनिटांचं आहे. चांगल्या दिवशी चाळीस मिनिटं बसा, तास बसा, पण ते वरचं समजा. उद्या पुन्हा वीसच देणं आहे.

नोकरी-संसारात हे खरंच होतं का, अशी शंका तुमच्या लिहिण्यात कुठेतरी आहे म्हणून सांगते. आपण ज्या परंपरेत शिकलो ती गेल्या शतकात मुख्यतः संसारी माणसांच्या हातून पुढे आली. ही साधना भारतात शिकवायला लागलेल्या गोयंका गुरुजींचे गुरू, ब्रह्मदेशातले सयाजी ऊ बा खिन, सरकारी नोकर होते. १९३७ मध्ये, हिशेब खात्यात नोकरी करत असताना ते साधना शिकले. ज्यांच्याकडे शिकले ते सया तेजी शेतकरी होते. पुढे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले, एका वेळी एकाहून जास्त खाती सांभाळली, आणि त्या पदावर असतानाच १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र सुरू केलं. त्यांच्या कचेरीतली माणसंही त्यांच्याकडे शिकली. गोयंका गुरुजी स्वतः व्यापारी होते. १९५५ मध्ये पहिलं शिबिर केलं आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले, त्या मधल्या वर्षांत कुटुंब होतंच, आणि ब्रह्मदेशाच्या सरकारने ताब्यात घेईपर्यंत व्यवसायही चालू होता. धम्मगिरी त्यानंतर १९७६ ची. तेव्हा ही संन्याशांची गोष्ट आहे, आपली नाही, असं मानायचं कारण नाही. फक्त त्या पुरुषांच्या घरात डबे कोण भरत होतं हा प्रश्न उरतो, आणि त्याकडे मी पुढे येतेच.

वेळ कुठली धरायची? घड्याळातली वेळ धरू नका, एखादं रोजचं काम धरा. हे मला नोकरीने शिकवलं. आमच्या पाळ्या बदलत्या. एका आठवड्यात सकाळ म्हणजे ड्युटीवर निघायची घाई, दुसऱ्या आठवड्यात सकाळ म्हणजे नाइट करून घरी येणं. ‘रोज पहाटे पाचला’ असं ठरवलं असतं तर महिन्यातले मोजकेच दिवस जमलं असतं. म्हणून मी आंघोळीला बांधून घेतलं. आंघोळ झाली, केस पुसले, की बसायचं. मग ती आंघोळ पहाटेची असो, दुपारची असो की रात्री ड्युटीवरून आल्यावरची. आपल्या आज्या-पणज्यांचा जप असाच टिकला. आंघोळ, देवाजवळ दिवा, आणि मग माळ. आज वेळ आहे का, आज मन आहे का, हे प्रश्न त्या साखळीत येतच नसत. एका कामाच्या पाठीला दुसरं लागून येई.

तुमच्यासाठी अशा जागा मला दोन दिसतात. पहिली म्हणजे सकाळी आंघोळीनंतर, मुलं उठायच्या आधी. दुसरी म्हणजे रात्री मुलं झोपल्यावर. मी पहिलीच निवडेन. रात्री मुलांना झोपवता झोपवता आईचा डोळा लागतो, आणि लागायलाही हवा. नंतर उठून बसलात तरी बैठकीचा बहुतेक वेळ डुलक्यांत जाईल. संध्याकाळी घरी आल्या आल्या बसायचं असं काही जण सांगतात. ज्यांच्या घरात लहान मुलं नाहीत त्यांना ते जमतं. दिवसभर आई दिसली नाही अशी दोन मुलं दारात उभी असताना तुम्ही खोलीचं दार लावून बसावं, असं मी कधीच सांगणार नाही.

पण सकाळची वीस मिनिटं झोपेतून काढू नका. साडेबाराला झोपून पाचला उठणाऱ्या माणसाची बैठक म्हणजे बसल्या बसल्या झोप, आणि मग पुन्हा ‘लागत नाही’ ही तक्रार सुरू. आधी आठवडाभर फक्त एवढंच करा: रात्री अर्धा तास लवकर आडवं व्हा. त्या आठवड्यात साधना केली नाहीत तरी चालेल. झोपेची वेळ बदलली की मग सकाळची बैठक सुरू करा. उलट क्रमाने केलेलं फारसं टिकलेलं मी पाहिलेलं नाही. लवकर झोपणं घरच्या रीतीमुळे अशक्य असेल, म्हणजे घरात जेवणंच साडेदहाला होत असतील, तर आधी तो प्रश्न सोडवावा लागेल. त्याला ध्यानात उत्तर नाही.

आता घर. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण बायकांना साधनेबद्दल सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. घरातला पुरुष डोळे मिटून बसला की टीव्हीचा आवाज कमी होतो, मुलांना ‘बाबा बसलेत’ म्हणून गप्प केलं जातं. घरातली बाई बसली की त्याच वेळी कोणाला मोजा सापडत नाही, दूध उतू जातं आणि गॅस बंद करायला हाकही तिलाच येते. मुद्दाम कोणी करत नाही. ती घरात असून उपलब्ध नाही, याची घराला सवयच नसते. म्हणून ‘मी जमेल तेव्हा बसेन, कोणाला त्रास नको’ हे धोरण चालत नाही. मी असंख्य बायकांना ते करताना पाहिलंय, आणि जमेल तेव्हा म्हणजे कधीच नाही, हे काही आठवड्यांत दिसतं.

घरात एकदा बसून सांगा, शांतपणे, आणि नेमकं सांगा. ‘मला ध्यानाला वेळ द्या’ असं मोघम बोलून कोणाला काय करायचं ते कळत नाही. ‘सकाळी सहा ते सहा-वीस मी आतल्या खोलीत आहे. त्या वेळात धाकटा उठला तर त्याला तुम्ही घ्यायचं. दूध गरम करून ठेवलेलं असेल. घरात कोणी पडलं-झडलं तरच हाक मारायची.’ नवऱ्याशी बोलताना वीस मिनिटांचा नेमका आकडा फार कामाला येतो. तास मागितला तर वाटाघाटी सुरू होतात, वीस मिनिटांना नाही म्हणणं अवघड असतं. आणि वीस म्हटलं तर विसाव्या मिनिटाला उठा. रोज पस्तीसपर्यंत ताणलंत तर पुढच्या महिन्यात कोणी शब्द पाळणार नाही.

सासूबाईंना या साधनेबद्दल शंका असेल, ही बौद्ध गोष्ट आपल्या घरात कशाला असं वाटत असेल, तर वाद घालू नका. त्यांच्या जपाच्या किंवा पूजेच्या वेळेला लागून तुमची बैठक ठेवता येते का बघा. एकीकडे त्यांची माळ, एकीकडे तुम्ही. घरात दोघी एकाच वेळी गप्प असल्या की तो घरचाच नियम होऊन जातो, आणि मुलंही तो लवकर पाळतात. आमच्या गटातल्या एकीच्या घरी असंच जुळलं. सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या सासूबाईच नंतर नातवंडांना ‘आत्ता आईला हाक मारायची नाही’ म्हणून बजावायच्या.

बसायच्या जागेबद्दल फार लिहायला नको. वेगळी खोली लागत नाही, वेगळा कोपरा पुरतो. पलंगावर बसू नका, झोप येते. कंबरेखाली जाड उशी किंवा घडी केलेलं घोंगडं घ्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर खुर्चीवर बसा, पाठ न टेकता. शिबिरातही खुर्ची मिळते, त्यात कमीपणा नाही. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, सोसायटीत पाणी सोडल्याचा आवाज, हे सगळं असूच द्या. फोन मात्र खोलीबाहेर ठेवा. घड्याळाचा गजर लावा, म्हणजे डोळे किलकिले करून वेळ बघावा लागणार नाही. वीस मिनिटांत काय करायचं याचा माझा हिशेब साधा आहे. मन फार खवळलेलं असेल तर सबंध वेळ आनापानच. जरा स्थिर असेल तर निम्म्याहून कमी वेळ श्वास आणि मग डोक्यापासून पायापर्यंत. शेवटची दोन मिनिटं मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशी भावना. घाईच्या दिवशी हीच मैत्री गाळली जाते. मी म्हणेन ती गाळू नका. त्यानंतर तुम्ही थेट मुलांना उठवायला जाणार आहात, त्यांच्याशी पहिलं बोलणं कोणत्या स्वरात होतं ते दिवसभर जाणवतं.

लोकलमध्ये ध्यान चालेल का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या, उत्तम आहे. दादरच्या पुलावर गर्दीत उभं असतानाही पाच-सहा श्वास नीट बघता येतात, आणि त्याने चिडचिड कमी होते हे मी स्वतः अनुभवलंय. पण याला रोजची बैठक समजू नका. गाडीत अर्धं लक्ष पर्सकडे आणि पुढच्या स्टेशनकडे असतं, असायलाही हवं. शिवाय बसायला मिळेलच याची खात्री नाही, आणि ज्याची खात्री नाही त्यावर सवय उभी राहत नाही. गाडीतलं ते जोडीचं समजा.

मग चुकलेले दिवस. ते येणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय कशी लागते यावर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज एखादी साधी गोष्ट ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची असं त्याचं स्वरूप होतं. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास ऐकू येतं ते मनातून काढून टाका. तीन आठवड्यांनी तुमचं सुटलं, तेव्हा सवय लागलीच नव्हती. शिबिराचा जोर होता तोवर चाललं, आणि तो ओसरला. यात तुमचं काही चुकलं असं नाही.

चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नका. काल राहिलं म्हणून आज चाळीस, दोन दिवस राहिलं म्हणून रविवारी दीड तास, असा उधारीचा हिशेब सुरू झाला की काही दिवसांत देणं फेडण्यापलीकडे जातं आणि माणूस आसनाकडे बघणंच टाळतो. आता तुमचं तेच झालंय. महिन्याभराचं जे काही राहिलं असेल ते सगळं माफ समजा. पुढची आंघोळ झाली की वीस मिनिटं. ज्या दिवशी सकाळ खरोखरच गेली त्या दिवशी रात्री आडवं पडल्यावर पाच मिनिटं श्वास बघा आणि झोप लागली तर लागू द्या.

छोट्या बैठकीत खोलवर जाता येत नाही हा जो प्रश्न वर राहिला होता, त्याला उत्तर आठवड्यातून एकदाचा पूर्ण तास. शनिवारी किंवा रविवारी, आणि शक्य तर एकटीने नको. ठाण्यासारख्या शहरात सामूहिक साधना कुठेतरी भरत असतेच. जवळच्या केंद्रात चौकशी करा. दहा-बारा माणसं एका खोलीत बसलेली असतात, कोणी बोलत नाही, गुरुजींच्या आवाजातलं सुरुवातीचं आणि शेवटचं ध्वनिमुद्रण लावतात. घरी पंचविसाव्या मिनिटाला उठणारे आपण तिथे तास बसतो. नाही जायला जमलं तर तेच ध्वनिमुद्रण लावून घरी बसा. तो आवाज कानावर पडला की शिबिराची बैठक शरीराला आठवते. याशिवाय चार-सहा महिन्यांतून जुन्या साधकांसाठीचं, म्हणजे १० दिवसांचं शिबिर आधी केलेल्यांसाठीचं, एक दिवसाचं शिबिर करा. तुम्हाला गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा लांब नाही, आणि इतर केंद्रांवरही ही शिबिरं होतात. मी ज्यांना वर्षानुवर्षं टिकलेलं पाहिलंय त्यांच्यातले फार थोडे एकट्याच्या जोरावर टिकले. बहुतेकांना एखादा तरी सोबती होता, ज्याला ‘या आठवड्यात बसणं झालं नाही’ असं मोकळेपणाने सांगता येईल.

एक सावधगिरीची गोष्ट नर्स म्हणून सांगते. बसल्यावर कंटाळा, झोप, चिडचिड, पायाला मुंग्या, जुन्या आठवणींनी डोळ्यांत पाणी, हे नेहमीचं आहे. पण बैठकीनंतर तासन् तास घाबरंघुबरं वाटत राहिलं, झोप उडाली, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटायला लागलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर बसणं थांबवा. डॉक्टरांना भेटा आणि सहायक आचार्यांनाही, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षकांनाही, सांगा. मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील तर ती ध्यानाच्या भरवशावर बंद करायची नाहीत. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते याच काळजीपोटी. तिथे काही लपवू नये.

फायदा होतोय की नाही हे कुठे बघायचं? आसनावर बघू नका, घरात बघा. दोन-तीन महिन्यांनी आठवून बघा: ऑफिसमधलं बोलणं घरी आल्यावर किती वेळ डोक्यात फिरत राहतं? मुलाने पाणी सांडलं तेव्हा हात उगारण्याआधी एक क्षण मिळाला का? राग येतोच, पण तो पूर्वी दिवसभर टिकायचा तो आता जेवणापर्यंत ओसरतो का? असे बदल आपल्याला उशिरा कळतात, घरच्यांना आधी. नवऱ्याला विचारा. उत्तर ‘काही फरक नाही’ असं आलं तरी लगेच सोडू नका, पण मग आठवड्याचा तास होतोय की नाही ते तपासा. नुसत्या रोजच्या वीस मिनिटांवर वर्षभर थांबलं तर सवय राहते, पण काम पुढे सरकत नाही, असं मला दिसलंय. मुलं मोठी झाली, धाकटा शाळेत जायला लागला, की वीसचे तीस करा, मग संध्याकाळची एक बैठक जोडा. दोन तासांपर्यंत जायचंच आहे, पण घाईने नाही.

आणि तुमचा तिसरा प्रश्न. पुन्हा १० दिवस बसल्याने फायदा नक्की होईल, पण आत्ता लगेच जाऊ नका असं मी म्हणेन. आज गेलात तर पुन्हा तोच जोर घेऊन याल आणि पुन्हा त्याच घरात तो तीन आठवड्यांत संपेल, कारण घरातली जागा अजून तयार झालेली नाही. आधी वीस मिनिटांची बैठक दोन-तीन महिने चालू द्या, मधे एक-दोनदा एक दिवसाचं शिबिर करा, आणि मग अर्ज भरा. जागा मिळायला बऱ्याचदा वेळ लागतो, त्यामुळे तारीख तशीही पुढचीच मिळेल. तोवर रजा आणि मुलांची व्यवस्था लावता येईल. नवऱ्याची तयारी असेल तर त्यांनाही एकदा जाऊ द्या, तुम्ही दोघं आलटून पालटून, म्हणजे एक जण मुलांजवळ राहील. आमच्या ओळखीच्या ज्या घरांत नवरा-बायको दोघांनीही शिबिर केलंय, तिथे सकाळच्या वीस मिनिटांसाठी कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मात्र त्यांना आग्रह करू नका. तुमच्यात काही बदललेलं दिसलं तर ते आपणहून विचारतील, तेव्हा अर्ज कुठे भरायचा एवढंच सांगा.